जागेवरची सायकल आणि शिकवणाऱ्याचं शिक्षण

सायकल शिकायला आपल्याकडे कोणी शिकवणी लावत नाही. ती तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर, गुडघे फोडून घेऊन, थोरल्या भावाने मागून धरलेलं कॅरिअर नकळत सोडून दिल्यावर येते. मग जी सायकल जागची हलतच नाही, जिच्यावरून पडायची धास्ती नाही, समोरून ट्रक यायची भीती नाही, ती चालवायला शिकवणारा माणूस कशाला हवा? आणि त्या शिकवणाऱ्यालाही पुन्हा शिक्षण कशाला हवं? पुण्या-मुंबईच्या जिममधली ती अंधारी खोली, तिथल्या वीस-पंचवीस सायकली, कानठळ्या बसवणारं संगीत आणि समोर माईक लावून ओरडणारा तरुण पाहिला, की हा प्रश्न कुणालाही पडेल.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. व्यायामशास्त्राचा आणि माझा तसा संबंध नाही. पण गेली काही वर्षं तो गाणी घेऊन माझ्याकडे येतो. ‘‘मामू, ह्याचा ठेका मोजून द्या ना,’’ म्हणतो. गाणी मोजता मोजता मी त्याच्या वह्या चाळल्या, त्याची पुस्तकं वाचली, त्याच्या क्लासात कोपऱ्यात बसून पाहिलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही सायकल आली कुठून ते पाहू. जॉनी गोल्डबर्ग हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला सायकलपटू अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ नावाची एक अचाट शर्यत असते. तिच्या तयारीसाठी घरातच सराव करता यावा म्हणून १९८०च्या दशकात त्याने एक सायकल बनवली. पुढे आणखी लोकांना बरोबर घेऊन, संगीत लावून तो शिकवू लागला. १९९४ साली त्याने जॉन बॉडविन यांच्यासह ‘मॅड डॉग अ‍ॅथलेटिक्स’ ही कंपनी काढली आणि श्विन या जुन्या सायकल कंपनीने ती सायकल बाजारात आणली. ‘स्पिनिंग’ हे या कंपनीचं नोंदवलेलं नाव आहे. आपण सर्रास सगळ्याच क्लासना स्पिनिंग म्हणतो, पण बाकीचे लोक म्हणूनच ‘इनडोअर सायकलिंग’ असा शब्द वापरतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या कंपनीने नुसत्या सायकली विकल्या नाहीत. शिकवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रमही तयार केला. कारण यंत्र साधं दिसत असलं तरी त्याची एक खोड आहे.

रस्त्यावरच्या सायकलीला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. उतारावर आपण पाय सैल सोडून मजेत जातो. जागेवरच्या बहुतेक सायकलींना ही सोय नसते. पुढे साधारण १३ ते २० किलोचं जड चाक असतं आणि पायडल त्या चाकाशी थेट जोडलेलं असतं. लहान मुलांची तीनचाकी आठवा. चाक फिरतं आहे तोवर पायडल फिरणारच. वेगात असताना पाय एकदम थांबवायला गेलात तर ते चाक तुमचा पाय पुढे ओढून नेतं. थांबवायचं तर ताणाचा नॉब खाली दाबावा लागतो. हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं नाही, तर नवखा माणूस गुडघा दुखावून घेऊ शकतो. सैल बुटाची नाडी, घोळदार पायजमा, ओढणी यांचंही तेच. ओढणीचा उल्लेख अमेरिकेतल्या पुस्तकात कशाला असेल? तो आपल्या शिकवणाऱ्याने आपल्या वहीत स्वतः लिहून घ्यायचा.

पण याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. रस्त्यावर आपण दमलो की सायकल हळू होते, चढ आला की आपण उतरून चालू लागतो. खोलीत चढ नसतो, शेजारचे वीस जण थांबत नसतात, गाणं थांबत नसतं आणि समोरचा ‘‘अजून थोडं, अजून थोडं’’ म्हणत असतो. मांडीचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. त्यांना सवय नसताना पाऊण तास असं राबवलं, तर क्वचित त्या स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं जेरीला येतात. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्लासनंतर एक-दोन दिवसांनी मांड्या असह्य दुखणं, सुजणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. असं झालं तर घरगुती शेक न घेता तडक रुग्णालय गाठायचं असतं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं. नोंदवलेले बहुतेक रुग्ण आयुष्यातला पहिलाच क्लास करून आलेले होते. आजार दुर्मीळ आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ठणठणीत तरुणांनाही तो झालेला आहे आणि तो बहुतेक वेळा टाळता येतो, हे महत्त्वाचं.

तो टाळतो कोण? समोरचा शिकवणारा. या सगळ्या प्रशिक्षणाचं सार मला विचाराल तर ते एका वाक्यात आहे. शिकवणाऱ्याला पायडल मारता आलं पाहिजे, पण त्याहून जास्त, त्याला समोरच्याकडे पाहता आलं पाहिजे.

हे पाहणं शिकवावं लागतं. सुरुवात होते सायकल बेतून देण्यापासून. शिंप्याकडे माप देतो तसंच. सायकलीशेजारी उभं राहिलं की सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला यावी. बसल्यावर पाय सगळ्यात खाली गेला असताना गुडघ्यात थोडासा बाक राहावा, पाय ताठ होऊ नये. तळव्याचा पुढचा रुंद भाग पायडलच्या मध्यावर यावा. दोन्ही पायडल आडव्या रेषेत असताना पुढचा गुडघा पायडलच्या आसावर यावा. हँडल नवख्यासाठी जरा उंच, म्हणजे पाठीला त्रास नाही. एका माणसाला या कामाला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून चांगला शिकवणारा क्लासच्या आधी पंधरा मिनिटं येतो. माझा भाचा त्या पंधरा मिनिटांत सायकल बेततो आणि आणखी एक काम करतो. नव्या माणसाला हळूच विचारतो, ‘‘सकाळपासून काय खाल्लंत? कुठली गोळी चालू आहे का? रोजा, एकादशी, संकष्टी काही आहे का?’’ पोटात अन्नपाणी नसलेल्या माणसाला त्या दिवशी बेताने घ्यायला सांगावं लागतं.

मग येतो जोर किती लावायचा हा प्रश्न. पूर्वापार एक हिशेब चालत आला आहे. २२० मधून वय वजा करा, की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळाली. माझं वय ५५, म्हणजे १६५. २००१ साली संशोधकांनी दुसरं सूत्र मांडलं. वयाला ०.७ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. त्याने माझी मर्यादा १७० च्या आसपास येते. पंचविशीतल्या भाच्याची मात्र पहिल्या हिशेबाने १९५ आणि दुसऱ्याने १९०. पण दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत वीस ठोक्यांचाही फरक असू शकतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मुळातच कमी ठेवतात. अशा माणसाला मनगटावरचं घड्याळ ‘‘अजून जोर लाव’’ सांगत राहील आणि तो आतून थकलेला असेल.

म्हणून शिकवणाऱ्याला दुसरी एक मोजपट्टी शिकवतात. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाला स्वतःला किती कष्ट वाटताहेत त्याचीच मोजपट्टी केली. तिचे आकडे ६ पासून २० पर्यंत असतात. ते विचित्र वाटतात, पण त्यांना दहाने गुणलं की तरुण माणसाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. क्लासात बहुधा त्याचीच सोपी, एक ते दहाची पट्टी वापरतात. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. सलग वाक्य बोलता येतंय, म्हणजे बेताचं चाललं आहे. तीन-चार शब्दांनंतर दम लागतोय, म्हणजे कष्ट चांगलेच वाढले. एकही शब्द फुटत नाही, म्हणजे नवख्याने ताण कमी करायची वेळ झाली. ही कसोटी फुकट आहे, तिला यंत्र लागत नाही. फक्त शिकवणाऱ्याने सायकलीवरून उतरून माणसांमध्ये फिरलं पाहिजे. नवे शिकवणारे पाऊण तास स्वतःच जोरात सायकल मारतात. त्यांचा व्यायाम होतो, शिकवणं होत नाही.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट, ठेक्याची. पायडलचे मिनिटाला किती फेरे व्हावेत याला मर्यादा आहे. स्पिनिंगच्या अभ्यासक्रमात सपाट रस्त्यासाठी ८० ते ११० आणि चढासाठी ६० ते ८० फेरे सांगितले आहेत. ताण न लावता याहून भरभर फिरवलं तर माणूस सीटवर उडू लागतो. ताण फार लावून याहून हळू फिरवलं तर गुडघ्यांवर भार येतो. हे फेरे पाळायला गाणं मदत करतं. मिनिटाला ९० ठोक्यांचं गाणं असेल तर प्रत्येक ठोक्याला उजवा पाय खाली, म्हणजे ९० फेरे. १४० ठोक्यांचं असेल तर एका ठोक्याला उजवा, पुढच्याला डावा, म्हणजे ७० फेरे, चढाला योग्य.

भाचा एकदा एक जुनं गोड गाणं घेऊन आला. ‘‘मामू, ह्याच्यावर सगळ्यांचे पाय चुकतात. असं का?’’ मोजून पाहिलं तर दादरा. सहा मात्रांचा ताल, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर. प्रत्येक मात्रेला एक पाय धरला, तर पहिला जोर उजव्या पायावर येतो आणि दुसरा डाव्या. केरव्यात आठ मात्रा, पहिली आणि पाचवी जोराची, दोन्ही वेळा उजवाच पाय. नवख्याला केरवा सोपा जातो, कारण त्याला एकच पाय सांभाळायचा असतो. दादऱ्यात पाय बदलत राहतो. मग आम्ही ते गाणं शेवटच्या पाच मिनिटांत ठेवलं, जिथे ठेका पाळायचाच नसतो, फक्त श्वास जागेवर आणायचा असतो. वृत्तं शिकताना केलेली मात्रांची मोजणी कधी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

पण संगीत ही दुधारी गोष्ट आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी संगीत आणि व्यायाम यावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यातून दिसतं ते असं, की हलक्या आणि मध्यम व्यायामात संगीताने कष्ट कमी वाटतात. व्यायाम फार तीव्र झाला की शरीराची हाक संगीतापेक्षा मोठी होते. कष्ट कमी ‘वाटतात’, कमी ‘होत’ नाहीत, हा फरक शिकवणाऱ्याने विसरायचा नाही. गाण्याच्या भरात नवखा माणूस आपली थकवण्याची खूण चुकवतो. ती त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी टिपायला हवी.

आवाजाचंही तेच. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची राष्ट्रीय संस्था सांगते, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ डेसिबल असेल तर एक तास, १०० असेल तर फक्त पंधरा मिनिटं. क्लासला येणारा पाऊण तासाने निघून जातो. शिकवणारा मात्र दिवसात तीन-चार क्लास घेतो, तेही गाण्यावर आवाज चढवून. कान आणि गळा ही त्याची हत्यारं, आणि तीच आधी झिजतात. म्हणून माईक वापरणं, गाणं बोलण्याच्या वर जाऊ न देणं, सतत पाण्याचे घोट घेणं हेही शिक्षणातच येतं.

मग हे शिक्षण मिळतं कुठे? पहिलं प्रमाणपत्र बहुधा एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत आणि एका परीक्षेत मिळतं. स्पिनिंगची, श्विनची अशी प्रमाणपत्रं आहेत. न्यूझीलंडच्या लेस मिल्स कंपनीची पद्धत वेगळी. ती गाणी आणि हालचाली आधीच बांधून देते, दर तीन महिन्यांनी नवा संच पाठवते आणि शिकवणाऱ्याला आपल्या क्लासची चित्रफीत परीक्षणाला द्यावी लागते. एका पद्धतीत शिकवणारा स्वतःचा क्लास रचतो, दुसरीत ठरलेली संहिता पाठ करून उत्तम सादर करतो. मला वाटतं, कवीने मुक्तछंद आणि वृत्त दोन्ही शिकावं तसं शिकवणाऱ्याने दोन्ही पाहावं.

एक-दोन दिवसांत माणसं पाहायला कोणी शिकत नाही. ते पुढच्या वर्षांत घडतं. १९८५ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज’ ही संस्था आपल्या प्रमाणपत्रधारकांना दर दोन वर्षांनी २० तासांचं पुढचं शिक्षण पूर्ण केल्याशिवाय नूतनीकरण देत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवण्याचं प्रशिक्षणही ताजं असावं लागतं. गंमत म्हणजे हे सगळं खासगी संस्थांचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत व्यायाम शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. भारतात राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत खेळ आणि तंदुरुस्ती क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, तिचा ‘फिटनेस ट्रेनर’ हा अभ्यासक्रमही आहे. पण तो व्यायामशाळेतल्या कामासाठीचा सर्वसाधारण अभ्यासक्रम झाला. अंधाऱ्या खोलीत वीस सायकलींपुढे उभं राहणाऱ्याचं शिक्षण त्याने स्वतःच जमवायचं.

इथे खरी अडचण आहे. भाच्यासारख्या मुलांना क्लासमागे पैसे मिळतात. परदेशी प्रमाणपत्राची फी डॉलरमध्ये, आणि ती भरायची स्वतःच्या खिशातून. कार्यशाळेला गेला तर त्या दिवसाचे क्लास बुडतात. जिमच्या मालकाला वीस लाखांच्या सायकली घेताना हात आखडावासा वाटत नाही, पण त्या सायकलींवर बसणाऱ्यांकडे पाहणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च जड वाटतो. हे उलटं गणित आहे.

तरीही पैशांवाचून बरंच करता येतं. भाचा महिन्यातून एकदा आपलाच क्लास मोबाईलवर टिपतो आणि आवाज बंद करून पाहतो. तो किती वेळा सायकलीवरून उतरला, मागच्या रांगेकडे किती वेळा गेला, हे त्यातून कळतं. मग चित्र न पाहता नुसता आवाज ऐकतो. किती सूचना उशिरा दिल्या, किती शब्द फुकट गेले, ते समजतं. दुसऱ्याच्या क्लासात तो शिष्य होऊन बसतो, तेही मागच्या रांगेत. २०२०च्या टाळेबंदीत जिम बंद पडल्या, तेव्हा घरी सायकल असलेल्या मोजक्या सभासदांना त्याने मोबाईलवरून शिकवलं. समोरचा माणूस नीट दिसत नसताना शब्दांनीच सारं सांगावं लागतं, हे तो त्या दिवसांत शिकला.

आणि शब्द म्हटल्यावर मला बोलणं भाग आहे. हे क्लास बहुधा इंग्रजीत चालतात. पन्नाशीतल्या एखाद्या बाईंना ‘कोअर एंगेज करा’ म्हटलं तर त्या शेजारणीकडे पाहतात. ‘पोट आत घ्या’ म्हटलं की लगेच पोट आत जातं. ‘खांदे सैल’, ‘हँडल धरा, आवळू नका’, ‘श्वास सोडा’ अशा दोन-तीन शब्दांच्या सूचना आम्ही दोघांनी मिळून एका वहीत लिहिल्या. सूचना ठेका बदलण्याच्या आठ मात्रा आधी संपली पाहिजे, म्हणजे माणसाला तयारीला वेळ मिळतो. त्या वहीत मी पहिल्या पानावर एक वाक्य लिहायला लावलं आणि तो ते प्रत्येक क्लासच्या सुरुवातीला म्हणतो : ‘‘आज पहिल्यांदा आलेल्यांनी वीस मिनिटं केलं तरी पूर्ण केलं असं समजा.’’ ‘हार मानू नका’ हे वाक्य भिंतीवर शोभतं. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला थांबायची परवानगी लागते, आणि ती समोरच्या माणसानेच मोठ्याने द्यावी लागते. तशी ती मिळाली की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

तेव्हा तुम्ही किंवा तुमची मुलं अशा क्लासला जाणार असाल, तर सायकली किती नव्या आहेत हे विचारू नका. शिकवणारा क्लासच्या आधी येऊन सीट बेतून देतो का, ते पाहा. तो चाक थांबवायचं कसं हे आधी सांगतो का? तब्येतीची चौकशी करतो का? क्लास चालू असताना खाली उतरून तुमच्यापर्यंत येतो का? आणि शेवटचं शिक्षण त्याने कधी घेतलं, हेही मोकळेपणी विचारा. चांगल्या शिकवणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट कोणी विचारलं म्हणून त्याला बरंच वाटतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)